डुकरांचं निमित्त

भिंगरी त्या वेळी चार पायांवर होती. म्हणजे दोन हात आणि दोन गुडघे टेकून, मान खाली घालून, ओल्या पाल्यातून नाकानं हुंकारत ती एका झाडासमोरून रांगत चालली होती. आणि नेमकं तेव्हाच मागून कोणीतरी विचारलं, "काही हरवलंय का तुमचं?"

अशा वेळी शहाणपणाचं उत्तर सुचणारी माणसं जगात असतीलही, पण भिंगरी त्यांतली नव्हती. तिनं मान वळवून बघितलं. खांद्यावर पोतं घेतलेला एक उंच तरुण उभा, चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही. मी डुक्कर आहे."

"अच्छा," तो म्हणाला.

"म्हणजे... आत्तापुरती."

"मग मी थांबतो. झालं की सांगा."

आता पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला होता, असं कोणी समजू नका. भिंगरी रानडुकरांचा अभ्यास करत होती. वर्षातले बरेचसे महिने पाऊस पडणाऱ्या त्या दाट रानात डुकरं कुठे राहतात, कुठे चरतात, कुठे लोळतात आणि कुठे पाऊलसुद्धा टाकत नाहीत, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी झाडांच्या बुंध्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधायचे. समोरून उबदार अंगाचं काही गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. पण तो नीट बांधला गेलाय की नाही हे कळायला डुकराच्या उंचीचं काहीतरी समोरून जायला हवं, आणि भिंगरीच्या पथकात भिंगरी एकटीच. तेव्हा डुकराचं कामही तिच्याच गळ्यात. हुंकारायची मात्र काहीएक गरज नव्हती. ते ती आपल्या हौसेनं करायची, आणि त्या हुंकारण्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

ती उठली. गुडघ्यांना चिखल, केसांत पानं, कानाच्या पाळ्या गरम. त्यानं पोतं खाली ठेवलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. ओढ्याच्या वळणावर वनखात्याची रोपवाटिका होती, तिचा तो प्रमुख. प्रमुखही तोच आणि शिपाईही तोच, असं त्यानं स्वतःच सांगितलं. रानातल्या झाडांचं बी गोळा करायला तो निघाला होता.

"डुकरं खरंच असं हुंकारतात?" त्यानं विचारलं.

"खुशीत असली की."

"म्हणजे तुम्ही खुशीत होतात."

भिंगरीनं हात धुण्यात जरा जास्तच वेळ घालवला.

हे भिंगरी नाव तिच्या आत्यानं ठेवलेलं. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून. आत्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, रानाच्या कडेच्या गावात दोन खोल्यांत एकटी राहायची. भाचीला अभ्यासासाठी हेच रान मिळालं तेव्हा तिनं पुढच्या खोलीतली शिलाई मशीन आत सरकवली आणि तिथे भिंगरीची कॉट टाकली. त्या दिवशी संध्याकाळी चिखलाची विजार बघून आत्यानं विचारलं, कोण भेटलं? कोणी नाही, भिंगरी म्हणाली. आत्यानं विजार बादलीत टाकली. चाळीस पोरांच्या वर्गात खडू कोणी फेकला हे पाठमोरी ओळखणारी बाई ती, तिला काय हे कळत नव्हतं?

भिंगरीच्या अभ्यासावर देखरेख करायला विद्यापीठातल्या मॅडम होत्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि एका नियमाला जिवापाड जपणाऱ्या. नकाशावर रानाचे चौकोन पाडायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जी जागा निघेल तिथेच कॅमेरा बांधायचा. तिथे काटे असोत, दलदल असो, की डुकराचं नखही न दिसो. आपल्याला जिथे डुक्कर हवंय तिथे कॅमेरा लावलात तर तुम्ही डुकराचा नाही, तुमच्या मनाचा अभ्यास करताय, असं मॅडम म्हणायच्या. भिंगरीनं हा नियम आजवर अक्षरशः रक्त सांडून पाळला होता. तिच्या दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे होते.

आणि मग ओढ्यापलीकडची चिठ्ठी निघाली.

जागा म्हणजे वेताची जाळी. आत शिरायला वाट नाही, वेताला उलटे काटे, एकदा कपड्यात अडकले की मागे ओढून घेणारे. याहून वाईट जागी भिंगरी गेली होती. पण त्या दिवशी ओढ्याच्या अलीकडे, झाडांच्या फटीतून रोपवाटिकेत रोपांवर सावलीला ताणलेली हिरवी जाळी दिसत होती. त्या हिरव्या जाळीखाली कोणीतरी शीळ घालत होतं. आणि आठवड्यातून एकदा कॅमेऱ्याचं कार्ड बदलायला यावंच लागतं... म्हणजे इथे कॅमेरा लावला तर दर आठवड्याला इथेच यावं लागेल. कोणी विचारलं तर कारण तयार.

चिठ्ठीतल्या जागेकडे तिनं एकदा पाहिलं. मग पाठ फिरवली, रोपवाटिकेच्या मागच्या बांधाला लागून असलेल्या एका जाड बुंध्याला कॅमेरा बांधला, आणि नोंदीत मात्र वेताच्या जाळीचीच जागा टाकली. एवढंसं ते काम. पण त्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला, लागला का कॅमेरा म्हणून, तेव्हा "लागला" एवढंच म्हणून तिनं घाईनं फोन ठेवला.

पुढचे आठवडे मात्र छान गेले, खोटं कशाला सांगा. भिंगरी कार्ड बदलायला यायची, आणि त्याच्या रोपवाटिकेतल्या खोलीबाहेरच्या बाकावर चहा व्हायचा. ती त्याला रोपवाले म्हणायची, तो तिला डुक्करवाल्या. पावसाची सर आली की दोघं हिरव्या जाळीखाली उभे राहायचे. जाळीतून पाणी गाळून यायचं, बारीक, पिठासारखं, आणि काळ्या पिशव्यांतल्या रोपांची पानं एकसारखी हलायची. एकदा त्यानं तिच्या तळहातावर एक टणक बी ठेवलं. हे रुजायला फार वेळ घेतं, म्हणाला.

"पाणी जास्त घातलं तर?"

"घाई केली की कुजतं. वाट बघावी लागते."

"तुम्ही बियांबद्दलच बोलताय ना?"

"आत्तापर्यंत तरी... हो."

भिंगरीनं मूठ मिटली. बी परत द्यायचं राहूनच गेलं, आणि त्यानंही ते मागितलं नाही.

फोटोंचं म्हणाल तर सुरुवातीला तिथे काहीच नव्हतं. वाऱ्यानं हललेली पानं, एक मुंगूस, आणि पुन्हा पानं. एका आठवड्याला तर कार्ड अगदी रिकामं निघालं. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. हे तिच्या चोरीचंच फळ आहे असं तिला वाटलं, आणि ती चहा न घेता, धड निरोपही न घेता निघून गेली.

पण पुढच्या आठवड्यात बघते तर डुकरंच डुकरं. एक दांडगा नर, दोन माद्या, मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. त्यानंतरच्या आठवड्यात त्याहून जास्त. सगळ्या रानात मिळून दिसली नसतील एवढी डुकरं त्या एका बांधापाशी येत होती. भिंगरी आनंदानं नाचली, रोपवालेही हसले, दुसरा कप चहा झाला. मॅडम तर फोनवर चक्क मोठ्यांदा हसल्या, आणि मॅडमचं हसणं भिंगरीनं त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. वेताची जाळी हेच डुकरांचं खरं घर दिसतंय, त्या म्हणाल्या, शाबास. ती शाबासकी भिंगरीच्या घशाखाली उतरेना.

पाप लपवायला माणूस खड्डा खणतो आणि त्यात भलताच कोणीतरी पडतो. तसंच झालं. मॅडमनी तो आकडा वनखात्याच्या साहेबांना कळवला. साहेब चांगला माणूस, प्राण्यांविषयी कळकळ असलेला. त्यांनी विचार केला, वेताच्या जाळीत एवढी डुकरं राहतात, तर त्यांच्या आणि ती चरायला जातात त्या टेकडीच्या मधोमध रोपवाटिका कशाला? माणसांची ये-जा नको. रोपवाटिका उचलायची, दुसऱ्या टोकाच्या विभागात न्यायची, आणि रोपवाल्यांनाही तिकडेच पाठवायचं. तिथून इकडे यायचं तर अख्खा दिवस प्रवासात जायचा.

हे भिंगरीला त्याच्याकडूनच कळलं. तो रोपांच्या रांगेत उकिडवा बसून पिशव्यांतलं तण काढत होता. मोठी झालेली रोपं हलवता येणार नाहीत, तो म्हणाला. मुळं पिशवी फोडून जमिनीत गेलीत. उपटली तर निम्मी मरतील. तीन पावसाळे त्यानं ती वाढवली होती.

"तुम्ही साहेबांना सांगत का नाही काही?" भिंगरीनं विचारलं.

"काय सांगू? डुकरांपुढे कोणाचं चालतं." तो हसला, पण हसणं लगेच विझलं. "आणि खरं सांगायचं तर... माझंच केलेलं मला भोवतंय."

याचा अर्थ भिंगरीला कळला नाही, आणि विचारायची तिची छातीही झाली नाही. कारण तिला वाटत होतं, केलेलं तर माझं आहे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तण काढणाऱ्या त्याच्या बोटांकडे बघत ती उभी राहिली, मग कार्ड बदलायचं विसरून घरी आली.

आत्यानं ताट वाढलं. भिंगरी घास चिवडत बसली. आत्यानं एकदा विचारलं, दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा न विचारता नुसती समोर बसली. मग सगळं बाहेर आलं. कॅमेरा, जाळी, शीळ, नोंद, मॅडमची शाबासकी. बोललं तर रोपवाटिका वाचेल, पण मॅडमच्या मनातून मी उतरेन, भिंगरी म्हणाली. एक वर्ष वाया जाईल. आणि का केलंस म्हणून विचारलं तर? सगळ्यांसमोर काय सांगू? नाही बोलले तर तो जातो, रोपं मरतात, आणि कोणालाच काही कळत नाही.

आत्यानं ताट बाजूला सरकवलं. "चोरी केलीस ती केलीस, बये. आता तोंडही चोरणार का?"

भिंगरी रडली. आत्यानं तिला रडू दिलं, आणि मग ताट परत पुढे सरकवलं. रडून रिकाम्या पोटी निजू नये, असं तिचं मत होतं.

बैठक साहेबांच्या कार्यालयात होती. लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, भिंतीवर फोटो दाखवायला पांढरा पडदा. साहेब, मॅडम, भिंगरी, आणि रोपवाटिका सोडल्याच्या कागदावर सही करायला बोलावलेले रोपवाले. त्यांनी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो शर्ट बघून भिंगरीला जास्तच अपराधी वाटलं. मॅडम एकेक फोटो दाखवत होत्या, साहेब मान डोलावत होते. शेवटी साहेबांनी कागद रोपवाल्यांपुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"थांबा," भिंगरी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती खुर्चीवरून उठली.

"हे फोटो वेताच्या जाळीतले नाहीत. तो कॅमेरा मी रोपवाटिकेच्या बांधाला लावला होता. नोंद... नोंद खोटी आहे."

पंखा कुरकुरत राहिला. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"का?" त्यांनी विचारलं.

"आत काटे होते, मॅडम."

मॅडमनी तिच्या हातांवरच्या ओरखड्यांकडे बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश बघितलं. "काट्यांना तू कधीपासून घाबरायला लागलीस?"

धरणी दुभंगावी आणि तिनं पोटात घ्यावं, असं भिंगरीला वाटलं. पण कार्यालयाची फरशी पक्की होती. तिनं टेबलाची कड धरली. रोपवाल्यांकडे ती बघत नव्हती. त्यांचा पांढरा शर्ट तेवढा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता.

"तिथे हे असतात," ती म्हणाली. "दर आठवड्याला यांना भेटायला काहीतरी कारण हवं होतं. म्हणून."

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. त्यांना खोकला आला, तो खरा होता की नाही कोण जाणे. मॅडम मात्र भिंगरीकडेच बघत होत्या, आणि त्या बघण्यात राग नव्हता. रागच असता तर सोसला असता. "बाकीचे कॅमेरे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

हा एकच प्रश्न भिंगरीला सगळ्यांत जास्त लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीचे चिठ्ठीतल्या जागेवरच आहेत, तिनं सांगितलं, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, माझ्याबरोबर चला, एकेक दाखवते. येईन, मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा परत घातला आणि पडद्याकडे वळल्या. रोपवाटिकेजवळ माणसाचा वावर, धुराचा वास, मग तिथे एवढी डुकरं यायलाच नकोत, त्या स्वतःशीच बोलल्या. त्यांनी एक फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला.

फोटोत दांडगा नर तोंड वर करून उभा होता. मागे पिल्लं. आणि सगळ्यांच्या वर, अधांतरी, कसलाही आधार नसलेलं एक रताळं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"रताळं," मॅडम म्हणाल्या. "उडणारं."

कोणीच हसलं नाही. आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. रोपवाले उभे राहिले होते. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"ते माझं आहे," ते म्हणाले. "म्हणजे मी फेकलेलं. झाडामागून. खोलीमागे रताळ्यांचा वाफा आहे माझा."

"पण का?" हे भिंगरीनंच विचारलं.

त्यानं तिच्याकडे बघितलं. सगळ्यांसमोर, सरळ. "एकदा कार्डात काहीच नव्हतं, तेव्हा तुम्ही चहा न घेता गेलात. मला वाटलं, इथे डुकरं नाहीत म्हणून तुम्ही कॅमेरा काढून न्याल. मग... तुम्ही येणार नाही." तो साहेबांकडे वळला. "बदलीचा हुकूम आला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग हे सगळं सांगावं लागलं असतं. लाज वाटली."

साहेबांनी आधी कागदाकडे, मग मॅडमकडे, मग छताकडे बघितलं. माझ्या नोकरीत असा प्रकार पहिलाच, ते म्हणाले, आणि याची फाईल कुठल्या नावानं उघडायची तेही मला सुचत नाही. कागद त्यांनी खणात टाकला. जाळीत खरोखर डुकरं आहेत की नाहीत हे कळल्याशिवाय रोपवाटिका हलणार नाही. मॅडमनीही निकाल दिला. त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो रद्द. कॅमेरा चिठ्ठीतल्या जागी लागेल, आणि त्या जागेचा सगळा हंगाम पहिल्यापासून. म्हणजे भिंगरीचं वर्ष गेलंच. आणि रोपवाल्यांनी त्या कॅमेऱ्याच्या आसपास फिरकायचं नाही, रताळ्यासह किंवा रताळ्याशिवाय.

दोघं बाहेर आले तेव्हा भुरभुर पाऊस होता. कार्यालयाच्या पायऱ्यांवर दोघं उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. शाळेत वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरांचं असतं तसं.

"तुमचं वर्ष गेलं," तो म्हणाला. "माझ्यामुळे."

"माझं माझ्यामुळेच गेलं. तुमची रोपं जायची राहिली, तेवढंच बरं झालं." ती थोडी थांबली. "मॅडमचं तोंड बघितलंत ना? ते आता मला मनातून पुसता येणार नाही."

"वेळ लागेल," तो म्हणाला. "पण त्या बरोबर येणार म्हणाल्या ना? मनातून उतरवलेल्या माणसाबरोबर कोणी काट्यात जात नाही."

भिंगरीला परत रडू आलं, पण हे जरा बरं होतं. जाळीत जायची वाट आता ओढ्याच्या वरच्या अंगानं, रोपवाटिकेपासून लांबून होती. म्हणजे इकडे यायला आता कामाचं काहीच उरलं नव्हतं. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आलं असावं.

"मग... येणार नाही तुम्ही?"

"काय कारण सांगून येऊ?"

"कारण नका सांगू," तो म्हणाला. "कारणांनीच सगळा घोळ केला."

भिंगरीनं तेव्हा कुठे त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चष्म्यावर थेंब जमले होते, त्यामुळे त्याला ती नीट दिसत नसणार. त्याचं तिला बरंच वाटलं.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "हे मघाशी सगळ्यांना सांगून झालं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, इस्त्री मोडली तरी, आणि परत घातला. मग त्यानं तिचा हात हातात घेतला, ओरखड्यांना धक्का लागणार नाही असा, आणि तिला स्पष्ट बघत म्हणाला, मलाही सांगायचं होतं, पण मी डुकरांना सांगत बसलो.

रविवारी सकाळी भिंगरी बाहेर पडली तेव्हा तिच्या हातात कॅमेरा नव्हता, कार्ड नव्हतं, नकाशा नव्हता. आत्यानं शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं, कुठे निघालीस?

"रोपवाल्यांना भेटायला," भिंगरी म्हणाली.

"काम काय?"

"काहीच नाही, आत्या. नुसतंच."

आत्यानं धागा दातानं तोडला आणि छत्री घेऊन जा म्हणाली.